चाड्यातून उतरणारा सूर्य

लोणारला गेलेल्या माणसाला मोठ्या मारुतीला नेल्याशिवाय गावकरी सोडत नाहीत. मारुती आडवा, निजलेला. मूर्तीजवळ होकायंत्र धरले की सुई उत्तर सोडून भलतीकडे वळते. दगड आभाळातून पडलेला आहे, असे गावात सांगतात. लोणारला तसे वाटणे साहजिकच आहे, कारण तिथले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर खरोखरच आभाळातून आलेल्या पाषाणाने खोदले आहे. पण सुई वळायला उल्काच हवी असे नाही. बुलढाणा जिल्ह्यात मेहकर, चिखली, देऊळगावराजा कुठेही विहीर खणा, खाली काळा पाषाण लागतो. त्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट नावाच्या लोहखनिजाचे बारीक कण असतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा या कणांनी धरली, ती आजतागायत सोडलेली नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी दख्खनच्या पाषाणातली ही दिशा मोजली. पुष्कळ थरांत ती आजच्या उलट निघाली, म्हणजे तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय उत्तर-दक्षिण अदलाबदल झालेले होते. शिवाय दिशेच्या कलावरून दिसले की लाव्हा गोठला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. खंड सरकतात ही गोष्ट जगाला पूर्णपणे पटण्याआधीच आपल्या काळ्या दगडाने त्याची साक्ष दिली होती. २००८ मध्ये काही परदेशी संशोधकांनी लोणारचे खडक वेगळ्याच प्रश्नासाठी तपासले. आघाताच्या क्षणी स्वतंत्र चुंबकीय क्षेत्र तयार होते का, हे त्यांना पाहायचे होते. तसा पुरावा मिळाला नाही. त्या खडकांत पृथ्वीचेच क्षेत्र नोंदलेले होते.

हे क्षेत्र लोणारवरून कुठे जाते? सुईला उभ्या पातळीत मोकळे फिरू दिले तर आपल्याकडे तिचे उत्तर टोक जमिनीकडे झुकते, साधारण तीस अंशांच्या आसपास. त्या कलाने चुंबकीय बलरेषेचा माग काढत दक्षिणेकडे निघा. लोणारहून निघालेली रेषा वर चढते ती जेमतेम काहीशे किलोमीटर. भारताच्या दक्षिण टोकाच्या आकाशात ती सर्वांत उंच होते आणि तिथून हिंदी महासागरात उतरते. म्हणजे आपल्या डोक्यावरची बलरेषा ही एक बुटकी, बंद कमान आहे. तिची दोन्ही टोके पृथ्वीतच आहेत. बाहेरून आलेल्या विद्युतभारित कणाला ही कमान ओलांडता येत नाही, तो रेषेभोवती गिरक्या घेत राहतो. विदर्भात उभ्या असलेल्या माणसाला सूर्याचा वारा थेट लागत नाही त्याचे हे कारण.

तो वारा मात्र अखंड वाहतो. सूर्याचे बाहेरचे वातावरण, म्हणजे प्रभामंडल, दहा लाख अंशांहून अधिक तापलेले असते, इतके की सूर्याचे गुरुत्वही त्याला धरून ठेवू शकत नाही. त्यातून प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉनांचा विरळ प्लाझ्मा सेकंदाला तीनशे ते आठशे किलोमीटर वेगाने सुटतो आणि सोबत सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राचे तुकडे ओढून आणतो. पृथ्वीजवळ पोचेपर्यंत एका घनसेंटिमीटरमध्ये पाचेक कणच उरतात. १९५८ मध्ये यूजीन पार्कर यांनी हे गणिताने मांडले तेव्हा दोन्ही परीक्षकांनी लेख नाकारला. ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’चे संपादक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर होते. त्यांनाही कल्पना पटली नव्हती, पण गणितात चूक सापडेना, म्हणून त्यांनी लेख छापला. पुढच्या काही वर्षांत अवकाशयानांनी वारा प्रत्यक्ष मोजला. चंद्रशेखरांची ही न्यायबुद्धी मला त्यांच्या अनेक सिद्धांतांइतकीच मोठी वाटते.

हा वारा पृथ्वीच्या क्षेत्रावर आदळतो तेव्हा सूर्याकडची बाजू दाबली जाते आणि रात्रीकडच्या बाजूला लाखो किलोमीटर लांबीची शेपटी तयार होते. सूर्याच्या दिशेला ही सीमा साधारण ६५ हजार किलोमीटरवर, म्हणजे पृथ्वीच्या दहा त्रिज्यांवर असते. वारा तिथे अडतो, मंदावतो, तापतो आणि सीमेला वळसा घालून पुढे निघून जातो. शाळेच्या पुस्तकातले चित्र इथे संपते: पृथ्वी आत सुरक्षित, वारा बाहेर. ते चित्र अपुरे आहे. दोन्ही ध्रुवांच्या अंगाला, चुंबकीय अक्षांशाच्या ७५ ते ८० अंशांदरम्यान आणि चुंबकीय मध्यान्हाच्या बाजूला, दोन जागा अशा आहेत की तिथे वारा सीमेवरून आत येतो आणि वातावरणापर्यंत उतरतो. शास्त्रज्ञ त्यांना ध्रुवीय कस्प म्हणतात.

कस्प का होतो, हे बलरेषांची वाटणी पाहिली की कळते. दुपारच्या बाजूच्या रेषा समोरून कमान करून दुसऱ्या गोलार्धात उतरतात. त्यांच्यापेक्षा ध्रुवाजवळच्या रेषा मात्र मागे वळून शेपटीत जातात. काही रेषा पुढे, काही मागे, आणि मध्ये जिथे त्या फाटतात तिथे क्षेत्र अतिशय क्षीण. आपल्या भागात तिफणीचे चाडे पाहिलेल्याला हे पटकन उमगेल. शेतावर हवेत भिरकावलेले बी वरवर पसरते, पण चाड्यावर मूठ धरली की तेच बी नळ्यांतून सरळ तासात उतरते. कस्प म्हणजे असे चाडे. वर, सीमेजवळ, त्याचे तोंड हजारो किलोमीटर रुंद आणि खाली, वातावरणाच्या माथ्यावर, जेमतेम काहीशे किलोमीटरांचा पट्टा.

पण चाडे उघडे असले तरी मूठ सुटायला आणखी एक गोष्ट लागते. वाऱ्याने सोबत आणलेले सूर्याचे चुंबकीय क्षेत्र कुठल्या दिशेला आहे, यावर सगळे अवलंबून. पृथ्वीचे क्षेत्र विषुववृत्तावर उत्तरेकडे रोखलेले असते. वाऱ्याचे क्षेत्र दक्षिणेकडे रोखलेले आले की सीमेवर दोन उलट दिशांच्या रेषा एकमेकींना भिडतात, तुटतात आणि नव्याने जोडल्या जातात. जेम्स डंजी यांनी १९६१ मध्ये ही चुंबकीय पुनर्जोडणीची कल्पना मांडली. जोडणीनंतर एकच रेषा एका टोकाला पृथ्वीत आणि दुसऱ्या टोकाला सौरवाऱ्यात असते. कणाला आता रेषा ओलांडायची गरजच उरत नाही, तो तिच्यावरून आत येतो. क्षेत्र उत्तरेकडे रोखलेले असेल तर पुनर्जोडणी कस्पाच्या मागच्या अंगाला होते आणि आवक कमी असते. आत शिरलेला प्रत्येक कण खालपर्यंत पोचतो असेही नाही. खाली जावे तसे क्षेत्र तीव्र होते आणि तिरक्या गिरक्या घेणारे कण उलटे फिरवले जातात. रेषेला जवळजवळ समांतर चाललेले तेवढे हवेपर्यंत येतात. वेगवान आधी आणि मंद नंतर, अशा क्रमाने ते उतरतात. तोवर रेषा ध्रुवाकडे सरकलेली असते. म्हणून कस्पावरून जाणाऱ्या उपग्रहाला कणांच्या ऊर्जेची एक उतरती पायरी दिसते. १९७१ मध्ये हायकिला, विनिंगहॅम आणि फ्रँक यांनी उपग्रहांच्या नोंदींवरून कस्प पक्का केला.

कस्पातून उतरणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा बेताची असते, त्यामुळे ते दोन-अडीचशे किलोमीटरांवरच थांबतात. तिथल्या ऑक्सिजनच्या अणूला धक्का बसतो. धक्का बसलेला अणू ही ऊर्जा साधारण दोन मिनिटे धरून ठेवतो आणि मग ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश सोडतो. खालच्या दाट हवेत एवढ्या वेळात त्याला दुसरा अणू किंवा रेणू धडकतो आणि प्रकाश निघण्याआधीच ऊर्जा विरून जाते, म्हणून हा लाल रंग उंचीवरच दिसतो. रात्रीच्या ध्रुवीय प्रकाशाचा परिचित हिरवा रंग अधिक जोरदार इलेक्ट्रॉनांचा, शंभर-सव्वाशे किलोमीटरांवरचा. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर हिवाळ्यात भर दुपारी अंधार असतो. तिथे डोक्यावरचा कस्पाचा लाल प्रकाश भर दिवसा पाहता येतो. हे मला या साऱ्या विषयातले सर्वांत विलक्षण दृश्य वाटते.

कस्पाच्या या दाराची वाहतूक दोन्ही बाजूंनी आहे. उतरणाऱ्या ऊर्जेने तापलेला वरच्या वातावरणातला ऑक्सिजन आयन होऊन कस्पातूनच बाहेर उडतो, रोज टनावारी. जर्मनीच्या ‘चँप’ उपग्रहाला चारशे किलोमीटर उंचीवर कस्पाखालची हवा आजूबाजूपेक्षा बरीच दाट आढळली, काही वेळा जवळजवळ दुप्पट. एवढ्या उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहाची गती त्याने मंदावते आणि कक्षेचे गणित चुकते.

आता या दाराखाली उभे राहून पाहणारी आपली माणसे. भारताचे अंटार्क्टिकातले तिसरे केंद्र ‘भारती’ मार्च २०१२ मध्ये लार्समन टेकड्यांवर सुरू झाले. ही इमारत १३४ जहाजी कंटेनर जोडून उभी केलेली आहे. सगळी व्यवस्था गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते आणि चुंबकीय मोजमाप नवीन पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था करते. भारतीचा चुंबकीय अक्षांश ७५ अंशांच्या जवळपास येतो. सौरवाऱ्याचे क्षेत्र दक्षिणाभिमुख झाले की कस्प विषुववृत्ताच्या दिशेने सरकतो. अशा वेळी, चुंबकीय दुपारी, भारती कस्पाच्या थेट खाली किंवा अगदी काठावर येते. सुमारे तीन हजार किलोमीटरवरचे ‘मैत्री’ केंद्र १९८९ पासून चालू आहे. तिथे चुंबकीय अक्षांश ६३ अंशांच्या आसपास आहे. एक केंद्र दाराखाली आणि एक दाराबाहेर, अशी जोडी जगात फार थोड्या देशांकडे आहे. पनवेलहून जाणारी मंडळी तिथे हिवाळाभर राहून चुंबकमापी सांभाळतात, त्यांच्या नोंदी जगभरच्या अभ्यासकांना उपयोगी पडतात, आणि मराठी वाचकाला बहुधा त्याची कल्पनाही नसते. मला हे खटकते.

ध्रुवावर उतरलेला प्लाझ्मा बुलढाण्यात कसा कळणार? तो पोचत नाही, त्याचे परिणाम पोचतात. शेपटीत साठलेली ऊर्जा सुटली की कण पृथ्वीभोवती तीन ते पाच त्रिज्यांवर पश्चिमेकडे वाहणारा प्रचंड वलयप्रवाह तयार करतात. या प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या विरुद्ध असते, त्यामुळे कमी अक्षांशाच्या प्रदेशात आडवे क्षेत्र घटते. महाराष्ट्रात ते सुमारे ४० हजार नॅनोटेस्ला असते. एरवी दिवसभरात शंभर नॅनोटेस्लांच्या आतला चढउतार होतो, चुंबकीय वादळात काहीशेंचा. ध्रुवीय प्रदेशातले विद्युतक्षेत्र याहूनही चपळ. ते मिनिटांत विषुववृत्तापर्यंत पोचते आणि आपल्यावरचा आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, वर-खाली हलवते. तिरुनेलवेलीच्या भूचुंबकत्व प्रयोगशाळेत हा परिणाम नोंदला जातो. विदर्भ चुंबकीय विषुववृत्त आणि आयनांबराच्या दाट पट्ट्याच्या मध्ये येत असल्यामुळे वादळात इथे जीपीएसचे स्थान हलू शकते. मे २०२४ मध्ये अमेरिकेत मक्याच्या पेरणीच्या ऐन हंगामात जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर अडकले, कारण ओळी चुकू लागल्या होत्या.

चुंबकीय नोंदींच्या बाबतीत आपला वारसा मोठा आहे, आणि तो मुंबईचा आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा स्थापन केली. १८४१ पासून तिथे चुंबकीय मोजमाप सुरू झाले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर तिथे काम पाहत असत, आणि केरूनाना छत्रे पोरवयात तिथे वेध घेण्याच्या कामाला लागले. पुढे पुण्यात गणिताचे नामांकित अध्यापक झालेले ते हेच केरूनाना. तेव्हाची पद्धत अशी: चुंबकाला टांगून त्याला आरसा लावायचा आणि दूरवरून दुर्बिणीतून आरशातल्या मोजपट्टीचा आकडा वाचायचा. आकडा लिहायचा, वेळ लिहायची, रात्रंदिवस. वादळ आले की दर काही मिनिटांनी.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यडागांची चित्रे काढत असताना डागांच्या गटावर अचानक दोन पांढरे ठिपके चमकले. साडेसतरा तासांनी त्या स्फोटाचा प्लाझ्मा पृथ्वीवर आदळला. २ सप्टेंबरच्या सकाळी कुलाब्याच्या निरीक्षकांनी आरशातला आकडा कोसळताना पाहिला आणि जसा दिसला तसा लिहिला. या नोंदी दीडशे वर्षे ग्रंथांत पडून होत्या. भूचुंबकत्व संस्थेच्या जी. एस. लखिना आणि एस. अलेक्स यांनी त्सुरुतानी व गोन्झालेझ यांच्यासोबत २००३ मध्ये त्यांचा अर्थ लावला. घट निघाली सुमारे १६०० नॅनोटेस्ला. कमी अक्षांशावरच्या चुंबकीय नोंदींत या वादळाची इतकी पूर्ण नोंद जगात दुसरीकडे कुठेही नाही. ती घट केवळ वलयप्रवाहाची की ध्रुवीय प्रवाह खाली सरकून मुंबईजवळ आल्याची, यावर आजही वाद आहे. दुसरे उत्तर खरे ठरले तर त्या सकाळी ध्रुवाचे आकाश महाराष्ट्रावर उतरले होते, असे म्हणावे लागेल.

१८७२ मध्ये त्याला साजेसे घडलेच. ४ फेब्रुवारीच्या रात्री मुंबईच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद आहे. मुंबई आणि एडनदरम्यानची समुद्री तार तासन्‌तास बंद पडली. बुलढाणा मुंबईपेक्षा दीड अंश उत्तरेला. फेब्रुवारीत वऱ्हाडचे आकाश सहसा निरभ्र असते. त्या रात्री सिंदखेडच्या किंवा लोणारच्या माळावर कोणी उत्तरेकडे तोंड करून उभा असला, तर त्याला क्षितिजावरची लाली मुंबईकरांपेक्षा किंचित वरच दिसली असती. १० मे २०२४ च्या रात्री लडाखमध्ये हानलेच्या क्षितिजावर अशीच लाली उमटली, तोच ६३० नॅनोमीटरचा रंग. ते वादळ गेल्या दोन दशकांतले सर्वांत जोरदार होते, पण घट १८५९ च्या चौथाईच्या आसपास.

कुलाब्याची वेधशाळा तिथेच राहिली असती तर चुंबकीय नोंदींच्या या मालिकेचा अंत झाला असता. विजेवरच्या ट्रामचे प्रवाह चुंबकांना हलवणार, हे संचालक नानाभॉय मूस यांनी वेळेआधी ओळखले आणि १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. भिंतींत चुंबकीय दगड नको, बांधकामात लोखंड नको. दख्खनचा काळा पाषाण इथे कामाचा नाही, त्याच्यात स्वतःचेच चुंबकत्व भरलेले. दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप करून जुनी आणि नवी मालिका सांधली, तेव्हा कुठे कुलाब्याचे काम थांबले. १८४६ ते १९०५ च्या नोंदींचे मूस यांचे दोन खंड १९१० मध्ये निघाले. वेध पुढे न्यायचा तर एका ठिकाणचा चुंबक दुसऱ्याशी दोन वर्षे ताडून पाहायचा, हा त्यांचा संयम मला पुन्हा पुन्हा आठवतो.

२ सप्टेंबर २०२३ रोजी, कुलाब्याच्या त्या सकाळनंतर बरोबर १६४ वर्षांनी, ‘आदित्य-एल१’ हे भारताचे सौरयान श्रीहरिकोट्याहून निघाले. सूर्याच्या दिशेला १५ लाख किलोमीटरवर ते वारा पृथ्वीपर्यंत येण्याआधी मोजते. त्यावर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची अतिनील दुर्बीण आणि एक चुंबकमापी आहे, जो क्षेत्र दक्षिणेकडे वळले की नाही ते सांगतो. इशारा साधारण तासाभराचा, वारा जोराचा असेल तर त्याहून कमी. नासाने जुलै २०२५ मध्ये कस्पावरून एकामागोमाग एक फिरणारी ‘ट्रेसर्स’ ही दोन याने सोडली. कस्पातली आवक सतत चालते की धक्क्याधक्क्यांनी, हा त्यांचा प्रश्न. दोन याने एकाच जागेवरून काही सेकंदांच्या फरकाने गेली, तर बदल जागेचा की काळाचा हे वेगळे काढता येते.

बुलढाण्याच्या शाळा-महाविद्यालयांनी या कामात हात घालावा, असे मला मनापासून वाटते. अलिबाग आणि नागपूर इथे भूचुंबकत्व संस्थेच्या वेधशाळा आहेत. त्यांच्यामधल्या आपल्या मुलखात शिक्षकांच्या हाती एखादा चुंबकीय संवेदक आला तर पुरे. छोट्या संगणकाला जोडता येणारे, काही नॅनोटेस्लांचा फरक ओळखणारे संवेदक आज परवडतात. सौरवाऱ्याचे जोराचे झोत सूर्याच्या चक्राच्या उतरणीच्या वर्षांत वारंवार येतात, आणि तीच वर्षे आता आहेत. खोली लोखंडापासून दूर, भिंत शक्यतो काळ्या पाषाणाची नसलेली, तापमान दिवसभर एकसारखे, आणि जवळून मोटारसायकल जाणार नाही इतके अंतर. आडवे क्षेत्र दर मिनिटाला नोंदवायचे आणि महिनाभर नागपूर-अलिबागच्या नोंदींशी ताडायचे. पहिल्या वादळाच्या दिवशी विद्यार्थ्यांना कागदावर जी घट दिसेल, तिची सुरुवात पृथ्वीपासून ६५ हजार किलोमीटरवरच्या सीमेवर झालेली असेल, आणि त्याच तासाला भारतीत बसलेला एखादा पनवेलकर तिचे ध्रुवावरचे टोक लिहीत असेल. मेहकरच्या माणसाने तो आकडा पाहून भारतीचा आकडा मागवावा आणि वेळांची तुलना करावी.